रिपोर्ट नॉर्मल आहे, मग फिट का येते?



मी क्ष-किरणतज्ज्ञ. माझा दिवस चित्रं बघण्यात जातो आणि माणसं मला अधूनमधूनच भेटतात. पण फिट येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक रिपोर्ट घेऊन परत येतात आणि माझ्यासमोर बसतात. त्यांचा प्रश्न एकच असतो. ‘साहेब, डोक्याचा फोटो काढला, इतके पैसे घातले, अन् काहीच निघालं नाही. रिपोर्ट नील आला. मंग पोरीला फेफरं येतं ते कशानं?’ आणि मी उत्तर द्यायच्या आत सोबतचं एखादं वडीलधारं माणूस खाली बघून म्हणतं, ‘मंग बाहेरचंच असंल.’

आजचं सगळं व्याख्यान मी या एका वाक्यासाठी मांडतो आहे. ‘काही निघालं नाही, म्हणजे बाहेरचं असेल.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. पण तो अडाणीपणातून निघत नाही, हे मला आधी सांगायचं आहे. त्या माणसाचा विचार सरळ असतो. मशीन एवढं मोठं, एवढं महाग. त्याला जर डोक्यात काही सापडलं नाही, तर आजार डोक्यात नाहीच. आता या विचारातली फट कुठे आहे? फट मशीनविषयीच्या समजुतीत आहे. एमआरआय म्हणजे मेंदूचा एकच फोटो, असं आपण धरून चालतो. तो एक फोटो नसतो. एकाच मशीनमध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी मेंदूला वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. जो प्रश्न विचारला, त्याचंच उत्तर येतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘नॉर्मल’ या शब्दात नसतं.

मेंदूतल्या पाण्याची हालचाल मोजणारी एक पद्धत आहे, तिला डिफ्यूजन एमआरआय म्हणतात. अपस्माराबद्दल, म्हणजे या फिटच्या आजाराबद्दल, तिने आपल्याला काय शिकवलं, काय शिकवू शकलेली नाही, आणि हिंगोलीतल्या माणसाने त्यातून काय घ्यावं, हे आज बोलायचं आहे.

आधी आजार किती मोठा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि नीट उपचार मिळाले, तर त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांहून थोडी अधिक होती. हजारी पाच असा साधा हिशेब धरला, तरी जिल्ह्यात सहा हजारांच्या आसपास माणसं होतात. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, असा तालुका नाही की जिथे ही माणसं नाहीत. मग ती दिसत का नाहीत? कारण घर त्यांना दिसू देत नाही. मुलगी असेल तर मुळीच नाही.

आणि लपवण्याची किंमत शरीराला मोजावी लागते. आपल्या जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी सुरू होते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण हळद शिजवण्याची जागा डोळ्यासमोर आणा. उकळतं पाणी, वाफेचे कुकर, खाली जाळ, पहाटेपासूनचं जागरण, उपाशीपोटी काम. झोप मोडणं हे फिट येण्याचं एक अगदी सर्वसाधारण निमित्त. ज्या बाईने सासरी आजार सांगितलेला नाही, तिला कढईजवळ उभं राहू नको असं कोण सांगणार? भाजलेले हात, विहिरीच्या काठावरून पडणं, चुलीत कोसळणं, या सगळ्या जखमांच्या मागे न सांगितलेला अपस्मार असू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नेहमीचा एमआरआय काय बघतो? तो रचना बघतो. गाठ आहे का, जुना व्रण आहे का, जंतूची पिशवी आहे का, जन्मतः काही घडण बिघडली आहे का. अपस्मार हा मात्र मुळात पेशींच्या विद्युत वर्तनाचा आजार आहे. काही पेशी एकदम एका तालात पेटतात आणि तो भडका तंतूंच्या मार्गाने पुढे पसरतो. घडण धडधाकट दिसत असतानाही हे होऊ शकतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि तरी फिट, यात विरोध नाही. रक्तदाब वाढलेला माणूस फोटोत नॉर्मलच दिसतो ना?

पण मग आपण इथेच थांबायचं का? घडण दिसते आणि वर्तन दिसत नाही, एवढंच म्हणून? नाही. या दोहोंच्या मधली एक पायरी आहे, ती म्हणजे तंतूंची सूक्ष्म बांधणी. ती डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला ती जाणवते. डिफ्यूजन एमआरआय हे त्या पाण्याला विचारणं आहे.

याचा उगम सांगताना मला औंढ्याचं नाव घ्यावं लागेल. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्यात होणारा बदल मोजायचा तो प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी सूक्ष्म. या लहरींचं भाकीत आइन्स्टाइनने १९१६ मध्ये केलं. त्याच आइन्स्टाइनने त्याआधी अकरा वर्षं, १९०५ मध्ये, आणखी एक निबंध लिहिला होता. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण सतत थरथरत का असतात, हे त्यात त्याने गणिताने समजावलं. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागातले कण सूक्ष्मदर्शकाखाली असे नाचताना पाहिले होते. आइन्स्टाइनने सांगितलं की हा रेणूंच्या धक्क्यांचा परिणाम आहे, आणि ठरावीक वेळात कण सरासरी किती दूर जाईल याचं सूत्र दिलं. एका निबंधाचं फळ औंढ्याला येतं आहे. दुसऱ्याचं फळ आज नांदेडला, अकोल्याला, संभाजीनगरला ज्या ज्या एमआरआय मशीनमध्ये तुमचा रुग्ण झोपतो, त्या प्रत्येक मशीनमध्ये आधीच आहे. इथल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही जोडी मनात ठेवावी, म्हणून थांबून सांगितलं.

एमआरआयची विद्या रुग्णालयात यायच्या आधी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचं अणुकेंद्रक रेडिओलहरींना प्रतिसाद देतं, हे तिचं मूळ. यात मुंबईचाही हात आहे, तो आपण विसरतो. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अल्कोहोलच्या एकाच रेणूतल्या वेगवेगळ्या हायड्रोजनांचे वेगवेगळे संकेत पाहिले गेले. त्या गाजलेल्या निबंधाच्या तीन लेखकांत एक होते एस. एस. धर्मट्टी. नाव नीट लक्षात ठेवा. हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५० च्या दशकात त्यांनी तिथे या विषयाची प्रयोगशाळा उभी केली.

पाण्याची हालचाल या संकेतातून मोजता येईल, हे एडवर्ड स्टेस्कल आणि जॉन टॅनर यांनी १९६५ मध्ये दाखवलं. युक्ती अशी. चुंबकीय क्षेत्राला क्षणभर एका दिशेने उतार द्यायचा. त्यामुळे पाण्याच्या प्रत्येक रेणूवर तो कुठे आहे याची खूण उमटते. काही सहस्रांश सेकंद थांबायचं. मग बरोबर उलटी खूण करायची. जो रेणू जागेवर आहे, त्याच्या दोन्ही खुणा एकमेकींना पुसतात आणि त्याचा संकेत जसाच्या तसा परत येतो. जो सरकला, त्याचा हिशेब जुळत नाही आणि संकेत मंदावतो. म्हणजे जितकी हालचाल जास्त, तितकं चित्र काळं. हालचाल अडली, की चित्र उजळ. हा उतार चालू-बंद होतो तेव्हाच मशीन जोरजोरात ठोकल्यासारखा आवाज करतं आणि पलंग हादरतो. ज्यांनी एमआरआय केला आहे त्यांना तो आवाज आठवेल. रुग्णाला आधी सांगून ठेवा. तो घाबरून हलला, तर सगळं मोजमाप वाया जातं.

ही युक्ती माणसाच्या मेंदूवर आणली ती देनी ल बिहां या फ्रेंच डॉक्टर-भौतिकशास्त्रज्ञाने, १९८० च्या दशकाच्या मध्यात. मग १९९० मध्ये मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर दाखवलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की थोड्याच वेळात पाण्याची हालचाल अडते, बाकीच्या चित्रांत काही दिसायच्या आधी. पक्षाघाताच्या निदानाचं रूपच त्याने पालटलं. १९९४ मध्ये अमेरिकेत पीटर बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहां यांनी पुढचा प्रश्न विचारला. पाणी किती सरकतं हे कळलं. पण ते कोणत्या दिशेने सरकतं? यातून दिशांचा हिशेब मांडणारा डिफ्यूजन टेन्सर जन्मला, आणि १९९९ च्या सुमारास तंतूंचे मार्ग संगणकावर रेखाटले जाऊ लागले.

दिशेचं एवढं महत्त्व का? पन्नास सहस्रांश सेकंदात मेंदूतला पाण्याचा रेणू साधारण दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकतो. पेशीचा आकारही त्याच मापाचा. म्हणजे एवढ्याशा वेळात रेणू पेशीच्या भिंतींना धडकून येतो आणि भिंती कशा आहेत याची बातमी घेऊन येतो. मेंदूच्या पोकळीतल्या द्रवात त्याला कुठेही जायला मोकळीक असते. पण श्वेतद्रव्यात लाखो मज्जातंतू शेजारी-शेजारी, एका दिशेने, मेदाच्या आवरणात गुंडाळलेले असतात. उसाची मोळी बांधून उभी केली आणि वरून पाणी ओतलं, तर ते कांड्यांच्या लांबीने झरझर उतरतं, आडवं जायला त्याला वाट मिळत नाही. तंतूंच्या जुडग्यात पाण्याचं हेच होतं. हा एकदिशापणा शून्य ते एक या आकड्यात मांडतात; त्याला फ्रॅक्शनल अनायसोट्रॉपी म्हणतात, रोजच्या बोलण्यात एफए. पाणी सगळीकडे सारखंच पसरत असेल तर शून्याजवळ, एकाच दिशेने जात असेल तर एकाजवळ. तंतू विरळ झाले, आवरण झिजलं, की एफए घटतो आणि एकूण मोकळी हालचाल वाढते. टेन्सर काढायला किमान सहा दिशांनी मोजावं लागतं. चांगल्या तपासणीत तीस किंवा चौसष्ट दिशा घेतात. त्यासाठी नेहमीच्या तपासणीला आणखी पाच-दहा मिनिटं लागतात.

तर पाण्याची हालचाल, तिची दिशा आणि त्यावरून तंतूंची बांधणी, इथवर आपण आलो. आता अपस्मारात याने काय हाती लागलं?

पहिली गोष्ट, फिट येऊन गेल्यावर लगेच काय होतं ती. लांबलेली फिट ही पेशींची मोठी उपासमार असते. पेशी सतत पेटत राहतात, इंधन संपतं, आवरणावरचे पंप थकतात, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि पेशी फुगतात. पाण्याची हालचाल अडते. डिफ्यूजन चित्रावर कानशिलाच्या आतला हिप्पोकॅम्पस, थॅलॅमसचा मागचा भाग, किंवा मेंदूच्या पृष्ठभागाची एखादी पट्टी उजळून दिसते. पक्षाघातातही भाग उजळतो, म्हणून गल्लत होते. पण पक्षाघात एका रक्तवाहिनीच्या क्षेत्राची हद्द पाळतो. फिटचा उजाळा ती हद्द मानत नाही. बहुतेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो ओसरतो. कधी कधी मात्र त्याच जागचा हिप्पोकॅम्पस पुढे आक्रसतो, आणि तिथून नवा अपस्मार सुरू होतो. यासाठीच आम्ही जीव तोडून सांगतो की फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर वाट पाहू नका, गाडी काढा. आणखी एक. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या टोकाला कधी कधी एक छोटा लंबगोल ठिपका उजळतो, आणि नंतर पुसून जातो. अपस्माराच्या गोळ्या एकदम बंद केलेल्यांत तो दिसल्याच्या नोंदी आहेत. गोळ्या कुणी एकदम बंद का करतं? लग्न ठरलं म्हणून. नवस बोलला म्हणून. महिनाभर फिट आली नाही म्हणून. असं करू नका.

दुसरी गोष्ट आपल्या देशाची आहे. भारतात फिटचं एक मोठं कारण म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, फीतकृमीच्या अळीची मेंदूतली पिशवी. हे डुकराचं मांस खाणाऱ्यांनाच होतं, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. ज्याच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून, अस्वच्छ हातांतून कुणाच्याही पोटात जातात. माळकरी घरातही हा रुग्ण सापडतो. डिफ्यूजन इथे फार कामाचं. पिशवीतलं पाणी मोकळं असेल तर ती काळी दिसते, आणि आत अळीचं डोकं उजळ ठिपक्यासारखं उमटू शकतं. पू झालेल्या गळवात मात्र द्रव इतका दाट असतो की सगळं आतलं लख्ख उजळतं. कृमी की गळू, यावर औषध पूर्ण बदलतं. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांनी मेंदूतल्या अशा संसर्गांच्या एमआरआयवर मोलाचं काम केलं आहे. हे ज्ञान बाहेरून आयात केलेलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी आहे, आणि माझ्या मते आजच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. प्रौढांमध्ये औषधाला दाद न देणारा सगळ्यांत परिचित अपस्मार कानशिलाच्या आतल्या भागातून, टेम्पोरल लोबमधून येतो. हिप्पोकॅम्पस आक्रसून घट्ट झालेला असतो, तो चांगल्या एमआरआयवर दिसतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो की आजार त्या एका जागी आहे. डिफ्यूजनने दाखवलं की तसं नाही. त्या जागेपासून निघणाऱ्या तंतूंची बांधणीही बिघडलेली असते, आणि हा बिघाड कधी पलीकडच्या अर्ध्यातही आढळतो. २०२० मध्ये एनिग्मा-एपिलेप्सी या आंतरराष्ट्रीय गटाने १,२४९ रुग्ण आणि १,०६९ निरोगी माणसं यांच्या डिफ्यूजन चित्रांची तुलना प्रसिद्ध केली. निरनिराळ्या प्रकारच्या अपस्मारांत श्वेतद्रव्यातला बदल सापडला. हिप्पोकॅम्पस आक्रसलेल्यांत तो सर्वाधिक होता, आणि आजार जितका लहानपणी सुरू झालेला, जितकी वर्षं चाललेला, तितका बदल जास्त.

आणि आता नीट ऐका. त्या १,२४९ जणांत असे शेकडो लोक होते, ज्यांच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये काहीही सापडलेलं नव्हतं. ज्यांचा रिपोर्ट ‘नील’ होता. त्यांच्या गटातही तंतूंची बांधणी निरोगी माणसांहून वेगळी निघाली. कुठे गेलं मग ते ‘बाहेरचं’? ते बाहेर नव्हतंच. ते आतच होतं, तंतूंत होतं. आपला प्रश्न तिथवर पोचला नव्हता.

यावर लगेच कुणी विचारेल, मग प्रत्येक रुग्णाचा डिफ्यूजन टेन्सर काढून घ्या ना, रिपोर्टवर लिहून द्या की दोष इथे आहे. इथे मला तुम्हाला थांबवावं लागेल, कारण रंगीत चित्र भुरळ पाडतं. हे निष्कर्ष शेकडो माणसांच्या सरासरीचे आहेत. एका माणसाचा एफए थोडा कमी आला, एवढ्यावरून त्याला अपस्मार आहे किंवा फिट इथूनच निघते, असं म्हणता येत नाही. वय, डोकेदुखीचा आजार, मशीनची जात, रुग्णाचं थोडंसं हलणं, सगळ्याने हा आकडा बदलतो. दुसरं, एका मोजमापाचा ठोकळा साधारण दोन मिलिमीटरचा. त्यात तंतू एकमेकांना छेदून जात असतील, आणि मेंदूत बहुतेक ठिकाणी जातातच, तर साधा टेन्सर गोंधळतो आणि दोन वाटांची चुकीची सरासरी देतो. संगणकाने काढलेली लाल-निळी-हिरवी रेघ म्हणजे खुद्द तंतू नव्हे. तो अंदाज आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या गटाने २०१९ मध्ये एमआरआयची जी शिफारस केली, तिच्या गाभ्यात टेन्सर नाही. गाभ्यात आहेत पातळ काप, हिप्पोकॅम्पसच्या काटकोनात घेतलेली चित्रं, आणि ती बघणारा अनुभवी डोळा. कुणी तुम्हाला पहिल्या फिटनंतर ट्रॅक्टोग्राफीचा, म्हणजे तंतूंच्या मार्गांचा, महागडा रंगीत फोटो काढायला सांगत असेल, तर कशासाठी, हे विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

मग टेन्सरचा प्रत्यक्ष उपयोग कुठे? शस्त्रक्रियेच्या टेबलावर. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधाला दाद न देणारा समजतात. असे सुमारे एकतृतीयांश. त्यांतल्या निवडक लोकांना शस्त्रक्रियेने मोठा फायदा होतो. २००१ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के वर्षभर भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त राहिले, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये आला. तिथे फिटमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ७७ आणि ७ टक्के असं होतं. भारतातल्या भारतात, आपल्याच मुलांवर. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून ही शस्त्रक्रिया नियमित होते. मुंबईत केईएममध्येही होते.

पण टेम्पोरल लोबच्या पुढच्या भागातून डोळ्यांच्या तंतूंचा एक फेरा वळून जातो, त्याला मेयरचा फेरा म्हणतात. तो कुणाचा किती पुढे येतो, हे माणसागणिक वेगळं. साध्या चित्रावर तो दिसतच नाही. शस्त्रक्रियेत तो कापला गेला, की समोर बघताना विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यातलं दिसेनासं होतं. फिट थांबली, पण गाडी चालवायचा परवाना गेला, असं घडू शकतं. डिफ्यूजनने हा फेरा रेखाटता येतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या डॉक्टरांनी तो शस्त्रक्रिया चालू असताना शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांसमोर आणून दाखवला आणि दृष्टीचं नुकसान कमी झालं. कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो, म्हणून आधी काढलेला नकाशाही सरकवून घ्यावा लागतो, इतकं हे बारीक काम आहे. भाषेचे मार्ग, हातापायांचे मार्ग, यांच्याजवळ शस्त्रक्रिया करायची असेल तेव्हाही हेच.

आता हिंगोलीत काय? हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याची मी मनापासून वाट पाहिली होती. मला तिथल्या तरुण डॉक्टरांशी दोन शब्द बोलायचे आहेत. एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहू नका. ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ लिहा. फिट कशी सुरू होते ते दोन ओळींत लिहा. आधी पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं का, नजर कुठे वळते, कोणता हात आधी आखडतो, नंतर बोलता येतं का. ती चिठ्ठी वाचून मी नेमक्या जागी दुप्पट वेळ बघतो. चिठ्ठी कोरी असेल तर माझा ‘नॉर्मल’ तितकाच कोरा असतो. आणि घरच्यांनी फिटचं मोबाइलवर चित्रीकरण करावं. लाज कसली? अनेकदा त्या एका मिनिटातून लाखाच्या तपासणीहून जास्त कळतं.

चित्रीकरण करणारा एक, तर दुसऱ्याने रुग्णाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली काही मऊ द्यावं, घड्याळ बघावं. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. नाकाला वहाण नाही, कांदा नाही. हातात किल्ल्या नाहीत. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपणच थांबते. थांबली की लोक म्हणतात वहाणेने थांबली.

आणि देवऋषीकडे नेऊन मिरचीची धुरी देणं, बांधून मारणं, वहाण भिजवलेलं पाणी पाजणं? हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या या छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. देवाला जा, नागनाथाला जा, नर्सीला जा, मन शांत होतं. गोळी मात्र चुकवू नका.

लग्नाचं बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या अपस्माराला वेडेपणाच्या जोडीला बसवलं गेलं आणि त्या कारणाने विवाह रद्द मागता येऊ लागला. मुंबईचे डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने याविरुद्ध चिकाटीने पाठपुरावा केला. १९९९ मध्ये संसदेने ते शब्द कायद्यातून काढून टाकले. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ही दुरुस्ती झाली. जिल्ह्याच्या वयाइतकंच वय या न्यायाचं आहे. तरी आजही हिंगोलीत मुलीची फाईल लग्नाआधी माळ्यावर टाकली जाते आणि गोळ्या माहेरीच राहतात. मग सासरी पहिल्या महिन्यात फिट येते. आजार सांगून लग्न करा. ज्यांना मूल हवं आहे त्यांनी आधी डॉक्टरांना भेटा, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भाला धोक्याची असतात आणि ती वेळेत बदलता येतात. लपवलेलं औषध मात्र कुणालाच बदलता येत नाही. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखे स्वमदत गट अपस्मार असलेल्या माणसांना एकत्र आणतात. असा गट हिंगोलीत का नसावा? या सभागृहात शिक्षक आहेत, आशाताई आहेत, फार्मसीचे दुकानदार आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, एक खोली. एवढ्यावर सुरू होतो.

आणि ज्यांच्या घरात दोन औषधं होऊनही फिट चालूच आहेत, त्यांनी जुनी फाईल, जुन्या फिल्म, सीडी, सगळं काढा आणि नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या मेंदूविकारतज्ज्ञाला एकच प्रश्न विचारा: ‘शस्त्रक्रियेसाठी आमची तपासणी करायची का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी का नाही ते लिहून घ्या. वयाच्या दहाव्या वर्षी सुरू झालेला आजार घेऊन लोक तिशीत पोचतात आणि तोवर हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

तुमच्या चिठ्ठ्या व्यासपीठावर आल्या आहेत. काहींवर नाव नाही. नाव नसलं तरी चालेल, मी आधी त्याच घेतो.